उन्हाळ्यातला कळसूबाई नाइट ट्रेक: पॅकेजमध्ये काय मिळतं, काय सुटतं

एप्रिल-मे आला की पुण्या-मुंबईतले आयोजक कळसूबाईचा नाइट ट्रेक जोरात विकतात. पुण्याहून जाणाऱ्या बॅचचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. शनिवारी रात्री नऊ-दहाला बस निघते, आळेफाटा-संगमनेर-अकोले मार्गे दोन-अडीचला बारी गावात पोचते आणि लगेच चढाई सुरू होते. सहाच्या आत शिखर गाठायचं, सूर्योदय पाहायचा, खाली येऊन पोहे खायचे आणि परतीची बस धरायची.

प्रवासाची सोय म्हणून हे पॅकेज छान आहे. बारीला सार्वजनिक वाहनाने रात्री पोचणं अवघड, आणि गावातल्या घरांतला चहा-नाश्ता बहुतेकदा चांगला असतो. तयारीच्या बाबतीत मात्र बहुतेक आयोजक काठावर पास.

अडचण वेळापत्रकातच आहे. सगळी आखणी सूर्योदयाभोवती असते आणि उतरण्याचा विचार कुणी केलेला नसतो. १,६४६ मीटर उंचीच्या या शिखरावर जाताना ८००-९०० मीटर चढावं लागतं. ते रात्रीच्या गारव्यात होऊन जातं. मग वर फोटो, मंदिरात दर्शन, शिड्यांवर रांग, आणि उतरायला आठ वाजून जातात. वाटेवर सावली नावापुरती, कातळ तापलेला, दहाच्या सुमारास शिड्यांचे लोखंडी कठडे हाताला चटका देतात. त्यात रात्रभर झोप नसते. पाय घसरतो, डोकं दुखतं, मळमळतं, ते या टप्प्यात.

‘दोन लिटर पाणी आणा’ ही सूचना अपुरी आहे. चढताना दीड ते दोन लिटर, वर अर्धा, उतरताना किमान दीड असा हिशेब धरा, म्हणजे चार लिटर. वजन चार किलो होतं, तरी न्यायचंच. शिड्यांजवळच्या विहिरीवर मे महिन्यात भरवसा ठेवू नका. वाटेवरचे सरबतवाले सुट्टीच्या दिवशी असतात, पण रात्री अडीचला नाही. निम्मं पाणी उतरण्यासाठी वेगळं बांधून ठेवलेलं बरं, नाहीतर सूर्योदयाच्या आनंदात ते संपतं.

नुसतं पाणीही पुरत नाही. घामावाटे मीठ जातं आणि वरून साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएसची दोन पाकिटं न्या. एक मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर द्रावण दाट होऊन उलटीला आमंत्रण. सोबत खारे शेंगदाणे, चिवडा. रात्री अकराला ढाब्यावर तेलकट चायनीज नको, वरण-भात खा.

हेडलॅम्प हवाच; मोबाइलचा टॉर्च धरला की शिडीवर एकच हात उरतो. वर पहाटे वारा असतो, त्यामुळे मे महिन्यातही पातळ विंडचीटर लागतो. घामेजलेला शर्ट अंगावर सुकू देणं ही हुडहुडीची हमखास कृती.

बुक करण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. शिखरावरून निघायची ठरलेली वेळ कोणती? सातच्या पुढची असेल तर सोडून द्या. लीडर किती? वीस जणांमागे एकच असेल तर मागे पडणाऱ्याला कोण सांभाळणार? आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच.

उतरताना कुणी अडखळत, असंबद्ध बोलू लागला की तो थकवा नाही, उष्माघात समजा. चालवू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध धड नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

आमचं मत: हिवाळ्यात पाचपैकी चार, एप्रिल-मे मध्ये दोन. काजव्यांसाठी मेअखेरीस भंडारदऱ्याला जाणारच असाल, तर शिखराचा बेत त्याला जोडू नका. दोन्ही एका रात्रीत बसवणाऱ्या पॅकेजमध्ये झोपेला जागाच उरत नाही.