घरातल्या हवेचे आकडे: सर्वांच्या फोनवर की भिंतीवर?

घरातल्या हवेचे आकडे सर्वांना दिसले तर खिडक्या वेळेवर उघडल्या जातील, या अपेक्षेने मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले: आधी घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर सूचना धाडणारे ॲप, आणि नंतर बैठकीच्या खोलीत जाता-येता नजर पडेल असा लावलेला छोटा डिस्प्ले.

ॲपची बाजू लंगडी नाही. झोपायची खोली पहाटेपर्यंत किती कोंदते हे आलेखामुळेच कळले. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत आम्ही दोघे झोपल्यावर सकाळी २,००० च्या पुढे गेलेला असे. डिस्प्लेला कालचे काही आठवत नाही.

तरीही ॲप माझ्या मनातून उतरले ते एकाच त्रासामुळे. सूचना घरात नसलेल्या माणसालाही येते, आणि बहुधा तोच ती आधी वाचतो. कढई तापून पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण, चढले की मी कार्यालयातून फोन करून 'एक्झॉस्ट लावलास का?' असे विचारू लागलो. 'धूर माझ्या डोळ्यांत जातोय आणि आकडा तुझ्या फोनवर येतोय,' असे आई एकदा म्हणाली, त्यावर मला उत्तर सुचले नाही. मुलीची तक्रार वेगळी होती: तिच्या खोलीचा आलेख पाहून ती कधी आली, कधी गेली हे सर्वांना कळत होते. काही आठवड्यांत एकेकाने सूचना बंद केल्या.

डिस्प्लेवरचा आकडा जो पाहतो, तोच खिडकीपाशी असतो. खिडकी वीतभर उघडली की पंधरा-वीस मिनिटांत आकडा उतरताना दिसतो, आणि आमच्याकडे तरी सवय लागली ती त्या उतरण्यामुळे, कोणी सांगितल्यामुळे नव्हे.

घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल, तर कदाचित ॲपच योग्य ठरेल. डिस्प्ले घेताना मात्र कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रकाशाने प्रत्यक्ष मोजणारा एनडीआयआर सेन्सर आहे का, हे पाहावे, कारण काही स्वस्त उपकरणे इतर वायूंवरून त्याचा केवळ अंदाज बांधतात. हवा चांगली असल्याचे दाखवणारा हिरवा रंग कोणत्या आकड्याला बदलतो हेही तपासावे; तुलनेसाठी, पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मार्गदर्शक मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

ॲप मी काढून टाकलेले नाही. सूचना बंद ठेवून रविवारी एकदा आलेख पाहतो, तोही फक्त आमच्या खोलीचा.