गड विकावा, भाडेपट्ट्याने द्यावा की संगोपनाला द्यावा?

गावालगतच्या गडाविषयीचा प्रस्ताव ग्रामसभेसमोर किंवा दुर्गसंवर्धन मंडळासमोर येतो, तेव्हा ‘खासगीकरण’ या एका शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार असू शकतात: कायमची विक्री, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आणि ठरावीक वर्षांचे संगोपन, म्हणजे गड केवळ देखभालीसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवणे. हरकत किंवा संमती नोंदवण्यापूर्वी आपल्यासमोर यांपैकी नेमके काय आहे, हे आधी पाहावे.

विक्रीविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि ते थोडक्यात सांगता येते. खरेदीखत झाले की पुढच्या पिढीला निर्णय बदलण्याची सोय उरत नाही. जानेवारी २०११ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील सरकारी जंगले विकण्याचा किंवा भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि पुढच्याच महिन्यात सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या रानात फिरण्याची वाट उद्याही मोकळी राहील का, ही लोकांची मोठी काळजी होती. सासवडजवळच्या जाधवगडाचे उदाहरण या चर्चेत हमखास दिले जाते. पण ती पिलाजी जाधवरावांची गढी, म्हणजे घराण्याची मालमत्ता होती. तिचे हॉटेल होणे आणि सरकारी गडाचे हॉटेल होणे या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत.

भाडेपट्ट्याचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो, कारण तिथे मालकी कागदावर सरकारचीच राहते आणि त्यामुळे मन निर्धास्त होते. पोर्तुगालने २०१६ पासून ओस पडलेले मठ आणि किल्ले हॉटेलांसाठी ५० वर्षांपर्यंत देण्याची योजना राबवली. इटलीने जुनी दीपगृहे तितक्याच मुदतीपर्यंत देऊ केली. पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये सुमारे २५ किल्ल्यांवर हॉटेले उभारण्याच्या बातमीने संताप उसळला, तेव्हा संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, केवळ असंरक्षित किल्ल्यांचाच विचार आहे, असा खुलासा सरकारने केला. मला खरी चिंता त्या खुलाशातच दिसते. केंद्र सरकारने संरक्षित घोषित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. असंरक्षित गडाला हे कवच नसते, म्हणून तिथे करारातल्या अटी हेच गडाचे मुख्य कुंपण ठरते. ते कुंपण किती पक्के आहे, हे सही होण्याआधीच तपासायला हवे.

संगोपनात मुदत लहान असते आणि चूक सुधारता येते. राज्याच्या संगोपन योजनेत नळदुर्गचा किल्ला २०१४ मध्ये दहा वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे गेला. दिल्लीच्या लाल किल्ल्यासाठी २०१८ मध्ये पाच वर्षांचा, २५ कोटी रुपयांचा करार झाला, तो पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, फलक अशा सोयींपुरता होता. या पर्यायातही उणीव आहेच: पर्यटक जिथवर पोहोचतात तिथवरच काम होते आणि मागच्या बाजूचा बुरूज तसाच ढासळत राहतो. शिवाय काम कोणत्या हातांनी होते, यावर सारे अवलंबून असते. एका गडावर पाण्याच्या टाक्याच्या भिंतीतल्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरलेल्या मी पाहिल्या. वरून काम नेटके वाटत होते. पण ओल बाहेर पडायला वाट न उरल्याने दगडांच्या कडांचे पापुद्रे सुटू लागले होते आणि बोट फिरवले की भुकटी हाताला लागत होती. शेजारची चुन्याची जुनी दरज मात्र अजून घट्ट होती.

म्हणून विक्रीला नकार द्यावा. हॉटेलासाठीचा भाडेपट्टा गडाच्या पायथ्याशी, नव्या बांधकामापुरता असेल तरच विचारात घ्यावा. संगोपनाला संमती देताना चार गोष्टी लेखी मागाव्यात: गावाची पूर्वापार वाट आणि गडदेवतेची जत्रा विनाशुल्क राहील, दुरुस्ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आणि चुन्यातच होईल, न दिसणाऱ्या तटबंदीसाठी वेगळा निधी असेल, आणि मुदतवाढीपूर्वी कामाचा अहवाल ग्रामसभेत वाचला जाईल. यांतली शेवटची अट बहुधा गाळली जाते, तेव्हा मसुदा हाती आल्यावर ती आधी शोधावी.