रायझन ९९५०एक्स३डी सांगलीत वापरून: गेमिंग आणि एडिटिंग एकाच खोक्यात पाहिजे असेल तर वाचा

निकाल आधीच सांगून टाकतो, मग ज्याला वेळ आहे त्यानं पुढं वाचा. दिवसभर एडिटिंग, रेंडर (म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं) करून पोट भरता आणि रात्री त्याच मशीनवर गेम पण फुल्ल खेळायचेत, असं असेल तर एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स३डी हा प्रोसेसर घ्या. फक्त गेमच खेळायचे असतील तर ह्याच्या नादाला लागू नका, त्याचाच धाकटा भाऊ ९८००एक्स३डी घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. आणि गेमशी काही देणंघेणं नाही, नुसते लग्नाचे व्हिडिओ कापत बसायचंय, तर इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के बघा, स्वस्तात पडतोय आणि एका बाबतीत तर एएमडीपेक्षा जास्त सुखात ठेवतोय. ती बाब कुठली ते खाली सांगतो.

माझं काम सांगतो म्हणजे हे मत कुठून आलं ते कळेल. विश्रामबागला छोटा स्टुडिओ आहे. सीझनला लग्नं, बाकीच्या वेळी नाटकांच्या प्रयोगांचं तीन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग (सांगलीत नाटकवाल्यांना तोटा नाही), आणि कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी मशीनची थ्रीडी अ‍ॅनिमेशन, म्हणजे ते कॅडची (मशीनच्या डिझाइनची) फाईल देतात आणि आपण ती ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घेऊन आतला गिअर कसा फिरतो वगैरे दाखवायचं. आधी एएमडीचाच २०१९ मधला ३९००एक्स होता, बारा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात समजा), त्यानं लई इमानदारीनं काम केलं, पण आता कॅडची मोठी असेंब्ली उघडली की चहा पिऊन यायची वेळ यायची. रात्री अकरानंतर फ्लाइट सिम्युलेटर आणि सीएस२ हे गेम. बायको म्हणते ह्यातलं काम कुठलं आणि खेळ कुठला तेच कळत नाही.

आता हा प्रोसेसर नेमका आहे काय. मार्च २०२५ मध्ये आला, सोळा कोअर, बत्तीस थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), झेन ५ पिढीचा, बूस्ट ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत, टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा अंदाज) १७० वॉट, अमेरिकेत लॉन्चची किंमत ६९९ डॉलर. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२४ ला आलेला ९८००एक्स३डी आठ कोअरचा, ४७९ डॉलरचा. नावातल्या त्या 'एक्स३डी'चा अर्थ एवढाच की चिपवर ६४ एमबी जादा एल३ कॅशचा (चिपच्या आतल्या वेगवान मेमरीचा) थर बसवलाय. गेमला दर फ्रेमला लाखो बारीकसारीक गोष्टी मेमरीतून उचलाव्या लागतात, आणि रॅमपर्यंत जाऊन यायला वेळ जातो. मिसळणाचा डबा गॅसशेजारी असला की आईला फोडणी देताना फडताळापर्यंत जावं लागत नाही, तसं ते. म्हणून गेममध्ये कॅशचा फायदा होतो, आणि रेंडरमध्ये जवळपास काही होत नाही, तिथं कोअर मोजायचे.

पूर्वी, म्हणजे २०२२ च्या ५८००एक्स३डीपासून ७००० सिरीजपर्यंत, हा कॅशचा थर कोअरच्या डोक्यावर असायचा. त्यामुळं उष्णता अडकायची आणि स्पीड कमी ठेवावा लागायचा. ९००० सिरीजमध्ये त्यांनी तो थर कोअरच्या खाली घातला, कोअर आता थेट वरच्या झाकणाला लागून आहेत, थंड राहतात आणि स्पीड सोडावा लागत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. ७९५०एक्स३डी घेताना 'कामात थोडा मार खाऊ पण गेम मिळेल' असा सौदा होता, ह्यात तो सौदा जवळजवळ संपला.

पण एक गोम आहे, आणि दुकानात ही कोणी सांगत नाही. सोळा कोअर म्हणजे आठ-आठचे दोन तुकडे, आणि जादा कॅश त्यातल्या एकाच तुकड्यावर आहे, एकावर ९६ एमबी आणि दुसऱ्यावर नेहमीचं ३२. गेम कॅशवाल्या आठ कोअरवर गेला तर मजा, दुसरीकडं गेला तर पैसे पाण्यात. हे ठरवणार कोण तर विंडोज, एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि, हसू नका, विंडोजमधलं एक्सबॉक्स गेम बार हे अ‍ॅप. गेम बार ओळखतो की गेम चालू झाला, मग दुसरे आठ कोअर 'पार्क' होतात, म्हणजे झोपवले जातात. आपल्याकडं विंडोज टाकला की पहिलं काम काय, फालतू अ‍ॅप उडवणे, त्यात गेम बार पण उडतो, आणि मग लोक म्हणतात साठ-सत्तर हजाराचा प्रोसेसर घेतला आणि फ्रेम वाढलेच नाहीत. तपासायचं असेल तर गेम चालू ठेवून रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये उजवीकडं प्रत्येक कोअरची पट्टी दिसते, त्यातल्या अर्ध्यांवर 'पार्क्ड' लिहिलेलं पाहिजे. नसेल तर गेम बार परत टाका, अपडेट करा, चिपसेट ड्रायव्हर नवीन घ्या. जुन्या मशीनचं विंडोज तसंच उचलून आणू नका, कोरं टाका. ९८००एक्स३डीला ही भानगडच नाही, एकच तुकडा आहे, लावला की चालू. म्हणून नुसत्या गेमरला मी तो सांगतोय.

गेममध्ये फरक दिसतो का? दिसतो, पण कुठं ते ऐका. १०८०पीवर आणि जास्त रिफ्रेश रेटच्या मॉनिटरवर खूप दिसतो, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या शहरावर उतरताना जो अडखळायचा तो आता अडखळत नाही, हे मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ४केवर सगळं अल्ट्रा लावून सायबरपंक खेळणार असाल तर काम सगळं ग्राफिक्स कार्डाचं असतं, तिथं हा प्रोसेसर आणि त्याच्या अर्ध्या किमतीचा प्रोसेसर जवळजवळ सारखेच. एएमडीनं स्वतः लॉन्चला सांगितलेलं की इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केपेक्षा गेममध्ये सरासरी वीस टक्के पुढं, पण कंपनीचे आकडे १०८०पीचे असतात हे लक्षात ठेवूनच वाचायचं.

कामाचं बोलायचं तर ब्लेंडरचा फायनल रेंडर माझा कार्डावरच होतो, एनव्हिडियाचं ४०७० टीआय सुपर आहे, त्याला प्रोसेसरशी फार घेणं नाही. पण सीन कार्डाच्या १६ जीबीच्या मेमरीत मावला नाही की गाडी प्रोसेसरवर येते, धूर-पाण्याची सिम्युलेशन प्रोसेसरवर, कॅडची फाईल आत घेणं प्रोसेसरवर, आफ्टर इफेक्ट्समध्ये एकावेळी बऱ्याच फ्रेम रेंडर होतात ते प्रोसेसर आणि रॅमवर. ह्या सगळ्यात जुन्या मशीनच्या मानानं अर्ध्याहून कमी वेळ लागतोय. म्हणून घ्यायच्या आधी एक करा, आपण रोज ज्या कामात वाट बघत बसतो त्या वेळी टास्क मॅनेजर उघडून बघा की सीपीयू शंभर टक्के आहे की जीपीयू, का दोन्ही निवांत बसलेत आणि हार्ड डिस्क रडतीय. निम्म्या लोकांचं दुखणं डिस्कमध्ये निघेल आणि एका चांगल्या एनव्हीएमईत (वेगवान एसएसडीत) भागेल.

आता ती इंटेलची बाब. आपले बहुतेक लग्नवाले आता सोनीच्या कॅमेऱ्यावर १० बिट ४:२:२ मध्ये (म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवून) एच.२६५ शूट करतात, कलर चांगला मिळतो म्हणून. हे फुटेज हार्डवेअरमध्ये उघडायची सोय इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ११ व्या जनरेशनपासून आहे. एएमडीत नाही, एनव्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतच्या कार्डात पण नाही, ५० सिरीजला आली. म्हणजे माझ्यासारखा एएमडी आणि ४० सिरीज असेल तर ते सगळं फुटेज कोअरच्या ताकदीवर उघडावं लागतं. सोळा कोअर आहेत, एक क्लिप चालते, पण मल्टिकॅममध्ये तीन क्लिप एकदम चालवल्या की टाइमलाइन धापा टाकायला लागते. मिरजेत माझ्या एका मित्राकडं २६५के आहे, वीस कोअरचा, लॉन्चला ३९४ डॉलरचा, त्याच्याकडं तेच फुटेज लोण्यासारखं सरकतं, बघून थोडं पोटात दुखतं खरं. मी प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून काम करतो, त्या रात्रीत लावून झोपतो. तुमच्याकडं ५० सिरीजचं कार्ड असेल तर हा सगळा पॅरेग्राफ विसरा.

२८५के घ्यावा का? चोवीस कोअर, चोवीस थ्रेड, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं चालवायची सोय) काढून टाकलेलं, रेंडरमध्ये चांगला आहे, तिथं काही वाईट बोलणार नाही, पण गेममध्ये तो स्वतःच्याच जुन्या १४९००केच्या मागं पडतो बऱ्याच ठिकाणी. आणि १४९००के स्वस्तात मिळतोय म्हणून सेकंडहँड उचलायचा विचार असेल तर थांबा. १३ आणि १४ जनरेशनच्या मोठ्या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळं चिप हळूहळू खराब व्हायचा प्रॉब्लेम होता, २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केला, मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण जी चिप आधीच बिघडली ती अपडेटनं सुधारत नाही, आणि जुना मालक कुठला बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चालवत होता ते तुम्हाला काय माहीत.

बसवताना. डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा. मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा लागतो, जुना एएम४ चालत नाही आणि डीडीआर४ रॅम पण चालत नाही, त्यामुळं बजेट काढताना प्रोसेसर एकटा धरू नका. बोर्ड जर दुकानात पडून असलेला असेल तर जुन्या बायोसवर ९००० सिरीज उठतच नाही. बोर्डाला मागं बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं) बटण आहे का बघूनच घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ करायचा, फाईलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसंच ठेवायचं, खुणेच्या यूएसबीत लावायचा, बटण दाबून धरायचं, लाईट लुकलुकायला लागली की हात मागं घ्यायचा आणि ती बंद होईपर्यंत कशालाच शिवायचं नाही. हे यूपीएसवरच करा, आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मग पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात, बाकी काही नाही. घाबरून बटण दाबू नका, डीडीआर५ची मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असते, काही मिनिटं लागतात.

रॅम दोनच काड्या घ्या. ६४ पाहिजे तर ३२ च्या दोन, ६००० स्पीडच्या. 'आत्ता दोन घेतो, पुढं अजून दोन टाकतो' हा आपला ठरलेला हिशोब इथं चालत नाही, चार काड्या लावल्या की एएमडीचा अधिकृत स्पीड ५६०० वरून ३६०० वर येतो.

उन्हाळ्याचं. सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसला टेकतो आणि माझ्या स्टुडिओला वर पत्रा आहे. रेंडर लावला की हा प्रोसेसर २०० वॉटपर्यंत ओढतो, ९५ डिग्रीची मर्यादा आहे. मी ३६० एमएमचा लिक्विड कूलर लावलाय, पण चांगला दोन टॉवरचा एअर कूलर पण पुरतो. उन्हाळ्यात मी बायोसमधून १०५ वॉटचा इको मोड लावून ठेवतो, रेंडरला थोडा वेळ जास्त जातो, गेममध्ये तर मला काही फरक जाणवला नाही, आणि खोली भट्टी होत नाही. धुळीचं म्हणाल तर गाळप हंगामात कारखान्याची काळी काजळी उडत येते ती बारीक जाळीतून पण आत जाते, तेव्हा फिल्टर महिन्यातनं एकदा तरी धुवा. आणि खोकं टेबलावर ठेवा. २०१९ च्या पुरानंतर गावभागातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

शेवटी खरेदी. डॉलरच्या किमतीला ऐंशीनं नव्वदनं गुणून खूश होऊ नका, वर १८ टक्के जीएसटी आणि मधल्या माणसांचं कमिशन असतंय. तुमचा स्टुडिओ जीएसटीत रजिस्टर असेल तर नंबर घालून बिल घ्या, क्रेडिट मिळतं, एवढ्या मोठ्या खरेदीत ती रक्कम लहान नसते. मला एका दुकानात दोन-अडीच हजार कमी करून 'ट्रे' पीस देत होते, म्हणजे खोक्याशिवायचा, वॉरंटी दुकानाची म्हणे. घेतला नाही. खोक्यातल्या पीसला कंपनीची तीन वर्षं असतात. खोक्याच्या खिडकीतून चिपवरचे आकडे दिसतात, ते आणि लेबलवरचा सिरीयल नंबर जुळवून बिलावर लिहून घ्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.