मार्सीचा माथा की सेंट रीजिसची तळी: ॲडिरॉन्डॅकमधील दोन दिवसांचा हिशेब

न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्क शहराच्या आसपास राहणाऱ्या आणि महाराष्ट्रात असताना सह्याद्रीत भटकण्याची सवय लागलेल्या मंडळींसमोर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. शनिवार-रविवारसाठी पाच-साडेपाच तास गाडी चालवून न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅक या डोंगर-तळ्यांच्या रानात जायचे, तर उंच शिखराची पायपीट करावी की कनूत सामान भरून एखाद्या तळ्याकाठी तंबू ठोकावा? कनू म्हणजे एकेरी वल्ह्याने चालवायची निमुळती, उघडी होडी. दोन्ही बेत उत्तम आहेत. मात्र दोन दिवसांत दोन्ही पुरेपूर होत नाहीत, आणि तसा हट्ट धरणाऱ्यांचा रविवार बहुधा गाडीत झोपून जातो.

ॲडिरॉन्डॅक पार्कची स्थापना १८९२ साली झाली. सुमारे ६० लाख एकरांच्या या प्रदेशातील जवळपास निम्मी जमीन खासगी आहे, आणि सरकारी वनजमीन कायम रानच राहील अशी तरतूद १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या घटनेतच करण्यात आली. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. वाटेवर टपरी नाही, लिंबू-सरबत नाही, माथ्यावर देऊळ नाही आणि बहुतेक ठिकाणी फोनला रेंजही नाही. दोहोंपैकी काहीही निवडले तरी लागेल ते सगळे घरूनच न्यावे लागते, आणि ते किती न्यायचे व कशावर लादायचे, यावरच माझ्या मते निम्मा निर्णय ठरतो.

आधी डोंगराकडे पाहू. राज्यातील सर्वोच्च शिखर माउंट मार्सी १,६२९ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा थोडे ठेंगणेच. या आकड्याने अनेकांची फसगत होते. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे निघून कळसूबाई करून दुपारच्या जेवणाला खाली येणाऱ्या माणसाला मार्सीही तसाच वाटतो. प्रत्यक्षात हार्ट लेककडून निघणारी रुळलेली वाट जाऊन-येऊन जवळजवळ २४ किलोमीटर भरते, चढ साडेनऊशे मीटरांहून अधिक आहे आणि धडधाकट माणसालाही आठ ते दहा तास लागतात. इथल्या जुन्या वाटा नागमोडी वळणे न घेता बऱ्याचदा सरळ उतारावर चढतात, त्यामुळे पायाखाली मुळे, धोंडे आणि चिखल यांशिवाय फारसे काही नसते. बराच वेळ दाट झाडीतून काहीही दिसत नाही, आणि मग शेवटच्या टप्प्यात झाडे एकाएकी खुजी होऊन संपतात व उघडा कातळ लागतो. कळसूबाई साडेएकोणीस अक्षांशावर आहे, तर मार्सी चव्वेचाळीसवर. म्हणून इतक्या कमी उंचीवरही झाडांची हद्द संपते. त्या कातळाच्या खाचांत उगवणारी ध्रुवप्रदेशी गवते व वनस्पती पायदळी जाऊ नयेत म्हणून उन्हाळ्यात तेथे प्रशिक्षित माणसे नेमलेली असतात आणि ती आपल्याला खडकावरूनच चालायला सांगतात.

मार्सीच्या उतारावरील लेक टिअर ऑफ द क्लाउड्स हे चिमुकले तळे हडसन नदीचा सर्वांत उंचावरचा उगम मानले जाते. जर्सी सिटीच्या काठावरून रोज दिसणारी नदी जिथून निघते तिथे एकदा जावे, हे आकर्षण मला खरे वाटते. सप्टेंबर १९०१ मध्ये उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मार्सी उतरून या तळ्याजवळ बसले असतानाच अध्यक्ष मॅकिन्ली यांची प्रकृती खालावल्याचा निरोप त्यांना मिळाला होता. नेहमीच्या वाटेवरून मात्र हे तळे लागत नाही. ते पाहायचे तर बेत आणखी लांबवावा लागतो.

मार्सी जड वाटत असेल तर दोन पर्याय आहेत. १,५५९ मीटरचे अल्गॉन्क्विन उंचीत दुसऱ्या क्रमांकावर असून अंतराने बरेच लहान, पण अधिक खडे आहे. कॅस्केड १,२४९ मीटर उंच असून जाऊन-येऊन आठेक किलोमीटरमध्ये होते. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी व दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तेच योग्य, फक्त तेथे शनिवारी गर्दी उसळते.

डोंगरात मुक्काम करण्याचा मोह मात्र टाळावा, असे मी म्हणेन. मार्सी ज्या पूर्व हाय पीक्स विभागात येतो, तेथे एप्रिल ते नोव्हेंबर रात्रीच्या मुक्कामाला अन्न अस्वलरोधक डब्यातच ठेवण्याची सक्ती आहे, शेकोटीला पूर्ण बंदी आहे आणि मुक्कामी गटात आठांपेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. तंबू, तो जड डबा आणि शिधा पाठीवर घेऊन चढण्यापेक्षा हार्ट लेकपाशी तळ ठोकून हलकी सॅक घेऊन एका दिवसात जाऊन येणे शहाणपणाचे. तेथील वाहनतळ उन्हाळ्यातील शनिवारी फार लवकर भरतो, म्हणून शुक्रवारी रात्रीच पोहोचावे. तेथील जुन्या लॉजचे इंग्रजी नाव उच्चाराप्रमाणे लिहिलेले दिसेल. तो ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्युई यांच्या शुद्धलेखन-सुधारणेचा अवशेष आहे, आणि देवनागरीत वाढलेल्या माणसाला तो चुकीचा न वाटता उलट बरोबरच वाटतो.

आता पाणी. सॅरनॅक लेक गावाच्या वायव्येला सेंट रीजिस कनू क्षेत्र आहे. सुमारे १८,४०० एकर, ५८ तळी आणि इंजिनाला संपूर्ण बंदी. या प्रकारचे राज्यातील हे एकमेव क्षेत्र. तळी एकमेकांना पायवाटांनी जोडलेली आहेत. एका तळ्यातून बाहेर पडून होडी डोक्या-खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यात सोडायची, या टप्प्याला तेथे 'कॅरी' म्हणतात. दोन दिवसांसाठी सर्वांत सोपा बेत असा: लिटल क्लिअर पाँडमध्ये कनू सोडावी, ते तळे ओलांडावे, जेमतेम एक किलोमीटरची कॅरी करावी आणि या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या सेंट रीजिस पाँडच्या काठी किंवा बेटावर मुक्काम करावा. लिटल क्लिअरवर मुक्कामाला परवानगी नाही. पुढे ग्रीन, लिटल लाँग, बेअर आणि बॉग या लहान तळ्यांतून अपर सेंट रीजिस लेकपर्यंत जाणारा 'सेव्हन कॅरीज' मार्ग प्रसिद्ध आहे. पण तो एकमार्गी असल्याने दुसऱ्या टोकाला गाडीची सोय लागते.

कनूचे खरे सुख ओझ्यात आहे. डोंगरात आपण प्रत्येक ग्रॅम मोजतो. येथे कांदे-बटाटे, पोळ्यांचा डबा, मुलांच्या गाद्या, फार काय प्रेशर कुकरसुद्धा होडीत बसतो. फक्त कॅरीवर तो कोण उचलणार हे आधी ठरवून ठेवावे. पहिल्या खेपेस आम्ही ते ठरवले नव्हते आणि एकाच वाटेवरून तीन फेऱ्या मारल्या. भाड्याने कनू घेताना केव्हलर या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची मागावी. ती साधारण १८ ते २० किलोंची असते, तर जुन्या धाटणीची ॲल्युमिनियमची ३० किलोंच्या वर जाते. भाडे थोडे जास्त पडते, पण खांद्याला तो फरक लगेच कळतो.

उणिवाही सांगायला हव्यात. सेंट रीजिस पाँडवरील जागा आधी राखून ठेवता येत नाहीत. जो आधी पोहोचेल त्याची जागा. शनिवारी दुपारी पोहोचणाऱ्याला तंबू कुठे लावावा हा प्रश्न पडू शकतो. ही धास्ती नको असेल तर लोअर व मिडल सॅरनॅक तळ्यांवर केवळ होडीने जाता येणाऱ्या ८७ जागा आहेत, त्या शुल्क भरून राखता येतात. मात्र तेथे मोटरबोटी फिरतात आणि त्यांच्या लाटा लहान कनूला झुलवतात. दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी आरशासारखे असलेले तळे दुपारी वाऱ्याने खवळते, आणि नवख्यांनी तेव्हा मधून न जाता काठाकाठाने जावे. आपल्यातील बऱ्याच मोठ्यांना पोहता येत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. होडीत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असणे आणि बारा वर्षांखालील मुलांनी ते अंगात घालणे कायद्याने आवश्यक आहे. पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही ते घालूनच बसावे.

पावसाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा आहे. डोंगरात पावसाने कातळ निसरडा होतो, आणि झाडांच्या हद्दीवर असताना वीज कडाडू लागली तर माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरावे लागते. दिवस तिथेच संपतो. तळ्याकाठी ताडपत्रीखाली खिचडी शिजत ठेवून वादळ जाण्याची वाट पाहता येते. किड्यांच्या बाबतीत मात्र दोघांची बरोबरी: मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत वाहत्या पाण्यात वाढणारी काळी माशी रक्त काढते, जुलैत डास व गोमाशा असतात. जुलैचा शेवट ते ऑगस्ट हा काळ त्यातल्या त्यात सुसह्य.

तेव्हा दोघे-तिघे सराईत ट्रेकर असतील, गुडघे शाबूत असतील आणि हवामानाचा अंदाज स्वच्छ असेल, तर मार्सी करावा. तळ्याला पुढच्या वर्षी जाता येईल. मुले बरोबर असतील, किंवा गटात कोणी पहिल्यांदाच तंबूत झोपणार असेल, तर मी निःशंकपणे कनू निवडेन, कारण तेथे थकलेल्या माणसाला होडीच्या मध्यभागी बसवून पुढे नेता येते, डोंगरात नाही. भारतातून आलेले आई-वडील असतील, तर त्यांना कॅरीवर नेऊ नये. फिश क्रीक पाँडच्या सरकारी तंबूतळावर गाडी थेट तंबूपर्यंत जाते, बहुतेक जागा पाण्याकाठी आहेत आणि कनू तंबूसमोरच बांधून ठेवता येते. रात्री लून पक्ष्याची ती विचित्र, हसल्यासारखी हाक त्यांनाही ऐकता येते, अर्थात लून बोलला तर.

शिखराशिवाय चैनच पडत नसेल, तर कनूच्या बेताला ८७६ मीटरचा सेंट रीजिस डोंगर जोडता येतो. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर, चढ मध्यम, आणि वर वणवे टेहळण्यासाठी उभारलेला जुना लोखंडी मनोरा. त्यावरून आदल्या दिवशी वल्हवलेली तळी खाली पसरलेली दिसतात. त्याची वाट पाण्यावरून नव्हे, तर कीस मिल्स रस्त्यावरून सुरू होते, म्हणून रविवारी आधी तंबू आवरून, कॅरी करून, कनू परत करून मग गाडीने तेथे जावे लागते. सकाळी सातपर्यंत होडी पाण्यात पडली नाही, तर तो बेत सोडून द्यावा. नाहीतर रात्री घरी पोहोचायला बारा वाजतात आणि सोमवारी कामावर जायचे असते.