ल्युबेरों की दोर्दोन्य? सायकल घेऊन जाणार असाल तर

पुण्यातले माझे दोन मित्र सध्या याच दोन नावांवर अडकले आहेत: फ्रान्सच्या आग्नेयेचं ल्युबेरों आणि नैर्ऋत्येचं दोर्दोन्य. सुट्टी एकच, पैसे एकदाच खर्च होणार, मग फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल चालवायची ती कुठे? मी दोन्हीकडे स्वतःची रोड बाईक नेऊन आलो आहे. ल्युबेरोंला जूनच्या अखेरीस आठ दिवस, दोर्दोन्यला सप्टेंबरच्या शेवटी नऊ दिवस. सायकल कुठली, टायर किती रुंद, व्हिसाला काय लागतं हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतंच. तेव्हा त्यापलीकडचं सांगतो.

आधी ल्युबेरोंचं देणं मान्य करायला हवं. दक्षिणेचा तो उजेड फोटोत येत नाही. रूसियों गावाची घरं गेरूच्या मातीने रंगलेली, संध्याकाळी सहानंतर ती आतून पेटल्यासारखी दिसतात. गोर्द गाव टेकडीवर रचलेलं, त्याच्याजवळच्या घळीत ११४८ साली स्थापन झालेला सेनांकचा मठ, आणि जूनच्या अखेरीला मठापुढे लॅव्हेंडरच्या जांभळ्या ओळी. गावं बहुतेक सगळी उंचावर, म्हणजे प्रत्येक कॉफीच्या आधी एक चढ. पसरणी घाट ज्यांनी न थांबता चढलाय त्यांना हे चढ जड जाणार नाहीत. आणि उत्तरेला सतत दिसत राहतो तो माँ व्हाँतू डोंगर, १,९०० मीटरच्या वर. बेद्वॅं गावातून माथ्यापर्यंत २१ किलोमीटर, चढाई सुमारे १,६०० मीटर. ज्याला व्हाँतू चढायचाच आहे त्याने पुढचं वाचण्याची गरज नाही, त्याने ल्युबेरोंलाच जावं. दोर्दोन्यकडे त्याला उत्तर नाही.

पोहोचायलाही ल्युबेरों सोपं. पॅरिसहून वेगवान गाडीने आव्हिन्यों पावणेतीन तासांच्या आत, तिथून लोकल गाडीने काव्हायों, आणि स्टेशनबाहेर सायकलवर बसलं की झालं. दोर्दोन्यला बोर्दोपर्यंत दोन तासांहून थोडं अधिक आणि पुढे छोट्या गाडीने आणखी अडीच तास. त्या छोट्या गाडीत सायकल जोडलेलीच चढवता येते, पण गाड्या दिवसातून मोजक्या. एक चुकली की दुपार गेली.

हे सगळं ल्युबेरोंच्या बाजूने आहे. तरी माझं मन तिथून उठलं ते वाऱ्यामुळे.

मिस्त्रालबद्दल मी वाचलं होतं. र्‍होन नदीच्या खोऱ्यातून उत्तर-वायव्येकडून समुद्राकडे धावणारा कोरडा, थंड वारा. हिवाळ्यात आणि वसंतात त्याचा जोर जास्त, म्हणून जूनच्या शेवटी गेलो तर वाचू, असा हिशोब केला होता. सलग तीन दिवस तो वाहिला. सहलीच्या चौथ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाई खिडक्यांची लाकडी दारं बाहेरून कड्या घालून बंद करत होत्या. त्यांनी आमच्या सायकलींकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि काही बोलल्या नाहीत. आम्ही निघालो. बोनियो गावातून खाली कालावों नदीच्या खोऱ्यात पाच-सहा किलोमीटरचा मोकळा उतार आहे. त्या उतारावर मला पेडल मारावं लागलं. पेडल थांबवलं की सायकल थांबायला यायची. खाली पों ज्युलियँ हा रोमन पूल, इसवी सनापूर्वी ३ साली बांधलेला, २००५ पर्यंत त्याच्यावरून मोटारी जात होत्या. त्याच्या तीन कमानींकडे निवांत बघत बसायचं ठरवून गेलो होतो, पण पुलावर उभं राहवेना. तिथून जुन्या रेल्वेच्या जागी केलेल्या सायकलवाटेने पश्चिमेला काव्हायों जेमतेम पंचवीस किलोमीटर. एरवी तासाभराची रपेट. आम्हाला अडीच तास लागले आणि गाडी गेली.

दमछाकीची तक्रार नाही. घाट चढणाऱ्याला दमायची सवय असते. मला खुपलं ते ऐकू न येणं. कानात एकच भणाण आवाज. दहा फुटांवरच्या सोबत्याशी बोलता येत नाही, मागून येणारी गाडी अंगाशी येईपर्यंत कळत नाही, गावातली घंटा दिसते पण वाजल्याचं समजत नाही. आजूबाजूला पाहिलं की कळतं, इथल्या माणसांनी घरंदारं याच वाऱ्याच्या हिशोबाने बांधली आहेत: जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीत, शेतांच्या कडेला सायप्रसच्या दाट रांगा, आणि चर्चच्या मनोऱ्यावर दगडी शिखराऐवजी लोखंडी पिंजरा, वारा आरपार जावा म्हणून. हे पाहायला फार सुंदर आहे. सायकलवर बसून सोसायला नाही. तुमच्या आठवड्यात वारा कदाचित पडलेला असेल, माझ्या एका मित्राला तो सात दिवसांत एकदाही भेटला नाही. पण न्यायचीच सायकल तर खोल रिमची चाकं घरी ठेवा, बाजूच्या झोताने पुढचं चाक हातातून ओढलं जातं.

दोर्दोन्यला मी ऐकू लागलो, असंच म्हणेन. पहिल्याच दिवशी लिमय गावाजवळच्या रस्त्यावर टप्प टप्प असा आवाज येत होता. चेन सैल झाली की काय म्हणून थांबलो. वरून अक्रोड पडत होते. सप्टेंबरच्या शेवटी तिथले अक्रोड पिकतात, आणि रस्त्याला लागून बागाच बागा. हिरवं साल फुटून डांबरावर काळे डाग पडलेले असतात. त्या डागांवरून वळताना जपा, ते निसरडे असतात.

लिमय गावाखाली व्हेझेर नदी दोर्दोन्य नदीला मिळते आणि दोन नद्यांवरचे दोन पूल एकमेकांना काटकोनात भेटतात. पश्चिमेला गेलं तर त्रेमोलाजवळचं नदीचं मोठं नागमोडी वळण, पूर्वेला बेनाक आणि कास्तेलनो हे नदीच्या दोन तीरांवरचे किल्ले, शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. किल्ले पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला तिथे वेगळं सांगावं लागत नाही. समोरासमोरच्या त्या भिंती पाहिल्या की पहारा कसा चालत असेल ते दिसतं. बरीच गावं नदीकाठी, म्हणजे कॉफी सपाटीवर मिळते. दोम गाव मात्र कड्यावर आहे आणि तिथला चढ पायांची परीक्षा घेतो.

उणिवा आहेत. पाऊस दोनदा लागला. जुलै-ऑगस्टमध्ये ला रोक गाजाकच्या नदीकाठच्या रस्त्यावर मोटारींची आणि होड्या वाहणाऱ्या गाड्यांची रीघ असते, तेव्हा जाऊच नये. चांगली रोड बाईक भाड्याने मिळवायला मला बरीच शोधाशोध करावी लागली असती, म्हणून स्वतःची नेली. आणि शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: सार्ला गावाच्या प्रसिद्ध परतलेल्या बटाट्यांत मांस दिसत नाही, पण ते बदकाच्या चरबीत परततात. विचारूनच मागवा. बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोडाचा केक आणि ब्रेड यांवर आमच्यातल्या एकाने नऊ दिवस आनंदाने काढले. खाण्याच्या बाबतीत ल्युबेरों त्याला अधिक मानवलं असतं, हे खरं. तिथे टोमॅटो, ऑलिव्ह आणि काव्हायोंचं खरबूज.

बाकी गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. दुपारी बारा ते दोन खेड्यातली दुकानं बंद, सोमवारी तर पुष्कळदा दिवसभर. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा, तिथे बहुधा नळ असतो. पिण्यालायक नसल्याची पाटी नाही ना तेवढं पाहा. गावाबाहेर मोटारीने ओलांडताना सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवण्याचा कायदा आहे आणि मला भेटलेले बहुतेक चालक तो पाळत होते. गावात मात्र उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या गाडीचा हक्क पहिला असतो, खूण नसेल तिथे. आपल्या डोक्यात हे लवकर बसत नाही.

दोर्दोन्यला एकच दिवस मोकळा मिळाला तर लेझेझी गावाहून व्हेझेरच्या काठाने मोंतिन्याककडे जा, जेमतेम पंचवीस किलोमीटर. निघण्याआधी फों-द-गोमच्या गुहेतली अश्मयुगातली खरी भित्तिचित्रं पाहा. रोज थोड्याच लोकांना सोडतात, तेव्हा जागा आधीच राखून ठेवा. तशाच चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९४० साली सापडली आणि १९६३ पासून बंद आहे, मोंतिन्याकला दिसते ती २०१६ ची प्रतिकृती. वाटेत सँ-लेओंला थांबा. नदीला चिकटून जुनं चर्च आहे, त्याच्या भिंतीला सायकल टेकवून पायऱ्यांवर बसा. तिथे पाण्याचा आवाज येतो, आणि मागून कोणी सायकलने आलं तर त्याच्या फ्रीव्हीलची टिकटिकही.