तापाचा पाचवा दिवस: विडाल, टायफी-डॉट की ब्लड कल्चर?

पावसाळा लागला की सांगली-मिरजेच्या लॅबमध्ये एक प्रसंग रोज घडतो. चार-पाच दिवस ताप उतरलेला नाही, डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन-तीन तपासण्या लिहून दिल्यात, आणि काउंटरवर घरचे विचारतात, "यातली कुठली केली तर चालंल?" विडाल शे-दोनशेत होते. ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघण्याला, त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात आणि रिपोर्टही दोन-तीन दिवसांनी मिळतो. बहुतेक जण विडाल करून जातात.

मी मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. माझं मत आधीच सांगते. पैसे एकाच मोठ्या तपासणीपुरते असतील आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस अजून पोटात गेलेला नसेल, तर ते ब्लड कल्चरवर घाला. विडालचे पैसे वाचवलेत तरी फारसं काही बिघडत नाही. कल्चरची वेळ मात्र एकदा हुकली की हुकली.

विडालपासून सुरुवात करू, कारण गावोगावी "टायफॉइड निघाला" असं म्हणतात ते बहुधा हिच्याच जोरावर. फेर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ही तपासणी 1896 मध्ये मांडली. रक्तातलं सीरम काचेच्या पट्टीवर घ्यायचं, त्यात मारलेल्या टायफॉइड जंतूंचं रंगीत द्रावण मिसळायचं आणि पट्टी मिनिटभर हलवायची. रव्यासारखे कण जमले तर पॉझिटिव्ह. मग सीरम पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत कण दिसतात ते 1:80, 1:160 असं लिहायचं. यात जंतू कुठेच दिसत नाही. दिसते ती शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, आणि ती कधी बनली, कशामुळे बनली हे पट्टी सांगत नाही. जुना टायफॉइड, साल्मोनेला गटातला दुसरा एखादा जंतू, मलेरिया, डेंगी यांतल्या कशानेही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये प्रतिपिंडं वाढायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून पाचव्या दिवशी ती निगेटिव्हही येते. पुस्तकातला नियम असा की आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि प्रमाण चौपट वाढलं तरच तिला अर्थ द्यायचा. दुसरा नमुना द्यायला कोण येतं? ताप उतरला तर माणूस कामावर जातो, नाही उतरला तर मोठ्या दवाखान्यात.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. भारतात टायफॉइड किती आहे हे मोजण्यासाठी 2017 ते 2020 या काळात 6 महिने ते 14 वर्षं वयाच्या मुलांवर लक्ष ठेवून मोठा अभ्यास झाला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत वर्षाला एक लाख मुलांमागे 576 ते 1173 टायफॉइडचे रुग्ण सापडले, तेही कल्चरने पक्के झालेले. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण केंद्रात हाच आकडा 35 होता. सातारा-सांगलीची गावं त्या वस्त्यांपेक्षा पुण्याच्या गावांसारखी आहेत असं धरायला हरकत नसावी.

आता साधा हिशेब करा. समजा, तापाचे 100 रुग्ण आले आणि त्यांतल्या चौघांनाच खरा टायफॉइड आहे. विडालने चारपैकी तीन पकडले. उरलेल्या 96 जणांत ती दर शंभरी पंधरा चुकली, तरी 14 जणांना टायफॉइड नसताना तो "निघाला". म्हणजे पॉझिटिव्ह आले 17, खरे त्यात तीन. रोग जितका विरळ, तितकी पॉझिटिव्ह विडाल खोटी असण्याची शक्यता जास्त. तरी त्या सतराही घरांत अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो.

खोट्या पॉझिटिव्हचं नुकसान कोर्सच्या पैशांवर थांबत नाही. पाटण-कोयनेकडे डोंगरात गवत कापायला जाणाऱ्या माणसाला ताप आला तर स्क्रब टायफसचाही विचार करावा लागतो. गोचिडीच्या जातकुळीतल्या बारीक किड्याच्या चाव्याने हा रोग होतो आणि काखेत, जांघेत, कमरेशी काळी खपली दिसते, अर्थात कपडे बाजूला करून बघितलं तरच. त्याचा जंतू टायफॉइडवर देतात त्या सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रिॲक्सोनला दाद देत नाही, त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. विडालवर विसंबून सेफ्ट्रिॲक्सोनची सलाईन लावली, तर हातातून दिवस जातात आणि खरा रोग फुप्फुसं, मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. कृष्णाकाठी पुराचं पाणी ओसरल्यावर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचंही) भान ठेवावं लागतं. 2019 आणि 2021 चे पूर इथल्या कुणाला सांगायला नकोत. चिखलात राबलेल्या माणसाचा ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं हे विडालच्या पट्टीवर कळणार नाही.

टायफी-डॉटचं थोडक्यात. ही पट्टीसुद्धा प्रतिपिंडंच बघते, फक्त निवडक प्रथिनाविरुद्धची, आणि प्रतिपिंडांचे आयजीएम-आयजीजी हे दोन प्रकार वेगळे दाखवते. निकाल तासाभरात मिळतो. विडालपेक्षा काहीशी बरी, पण तिच्या बहुतेक मर्यादा हिलाही लागू आहेत. जंतू कुठल्या औषधाने मरेल हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

कल्चर ते सांगतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तेवढाही नाही. त्यामुळे रक्त किती घेतलं यावर सगळं अवलंबून आहे. मोठ्या माणसाचं एका बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त हवं, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन बाटल्या. लहान मुलांचं वजनाप्रमाणे कमी. "एवढं रक्त कशाला काढता?" असं घरचे विचारतात तेव्हा आमच्याकडचा टेक्निशियन हेच समजावतो. तीन मिलिलिटरवर भागवलं तर कल्चर निगेटिव्ह येईल आणि पैसे वाया जातील. कातडी नीट पुसून, ती वाळू देऊनच सुई घालायची, नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत वाढतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. बाहेरच ठेवून शक्य तितक्या लवकर लॅबला पोचवायची.

आमच्या मशीनमधल्या बाटलीच्या बुडाशी एक निळसर-हिरवी चकती असते. आत जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि चकती पिवळी पडते. टायफॉइडची बाटली बहुधा दोन दिवसांच्या आत मशीन वाजवते. मग तिच्यातला थेंब काचेवर रंगवून बघायचा. गुलाबी काड्या दिसल्या की आम्ही वॉर्डला किंवा डॉक्टरांना लगेच फोन करतो, अंतिम रिपोर्टची वाट बघत नाही. पुढचं काम थाळीवर होतं. जंतू पसरलेल्या थाळीवर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर 35 अंशांच्या आसपास ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की सेफ्ट्रिॲक्सोनच्या चकतीभोवती स्वच्छ रुंद वर्तुळ दिसतं, तिथे जंतू वाढलेला नाही. सिप्रोफ्लोक्सासिनच्या चकतीपाशी मात्र वाढ अगदी जवळ येऊन भिडलेली असते. हे रोज बघणाऱ्या माणसाला "तापावर सिप्रोच्या गोळ्या घेतल्या, मेडिकलमधून" हे वाक्य ऐकवत नाही.

कारण टायफॉइडच्या औषधांचा इतिहास फार जुना नाही आणि तो डोळ्यांसमोर घडलाय. एके काळी मुदतीच्या तापावर क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होतं. 1990 च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींना न जुमानणारे जंतू देशभर पसरले. मग सिप्रोफ्लोक्सासिनचा काळ आला, आणि तेही हातातून गेलं. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) रुग्णालयांचं जाळं 2013 पासून जंतूंच्या औषधांना न जुमानण्यावर नजर ठेवून आहे. त्याच्या अलीकडच्या अहवालांत टायफॉइडचे 95 टक्क्यांच्या आसपास जंतू सिप्रोच्या गटातल्या औषधांना पुरेशी दाद देत नाहीत. आज भिस्त सेफ्ट्रिॲक्सोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिनवर आहे. 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. तिथे तोंडाने घ्यायला ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायला कार्बापेनेम गटातली अँटिबायोटिक, एवढंच उरलं. आणि तेच ॲझिथ्रोमायसिन आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर तीन गोळ्यांची पट्टी म्हणून खपतं. एक चांगली बातमीही आहे: क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाल्यावर बरेच जंतू त्याला पुन्हा दाद देऊ लागलेत. पण तुमच्या रुग्णाचा जंतू त्यातला आहे का, हे कल्चरशिवाय कळायला मार्ग नाही.

आता कल्चरच्या उण्या बाजू. खऱ्या टायफॉइडच्या 100 रुग्णांपैकी ते साधारण 60 जणांनाच पकडतं. अस्थिमज्जेचं कल्चर याहून बरंच चांगलं, पण साध्या तापाला हाडात सुई घालायचं कुणी सुचवणार नाही. अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर 60 चाही आकडा घसरतो. म्हणून सगळा भर वेळेवर आहे. रक्त आधी काढायचं, औषध त्यानंतर. कल्चरचा निकाल येईपर्यंत औषध रोखून धरायचं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. रक्त दिलं की डॉक्टर तपासून त्याच दिवशी योग्य ते औषध सुरू करू शकतात, आणि रिपोर्ट आल्यावर ते बदलायचं, चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवतात. बंद करणं हासुद्धा मोठा फायदा आहे.

तासगावकडची एक आई मला म्हणाली होती, "विडालमध्ये निघालाच आहे की टायफॉइड, मग कल्चर कशाला?" मुलाला अजून काहीच औषध दिलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "ताई, विडालनं रोगाचं नाव अंदाजानं सांगितलंय. औषध कुठलं चालंल हे तिला माहीत नाही." तिने कल्चर केलं. बाटलीत टायफॉइड वाढलाच, आणि तो सिप्रोला न जुमानणारा होता. विडाल इथे बरोबर ठरली. तरी औषध कुठल्या आधारावर द्यायचं, ते कल्चरने ठरवलं.

मग विडाल कधी करावी? रुग्ण दहा-बारा दिवस तापलेला आहे, अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेलेत, कल्चरमध्ये काही उगवलेलं नाही आणि डॉक्टरांना इतर लक्षणांवरून टायफॉइडचाच दाट संशय आहे, अशा वेळी चढती विडाल थोडी मदत करते. जत किंवा आटपाडीच्या आडगावातून बाटली पाठवायची सोयच नसेल तरीही मोह होतो, पण तिथे मी आधी साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगेन. टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत आणि त्यांतलाच इओसिनोफिल हा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो. या स्वस्त तपासणीतून डॉक्टरांना विडालइतकंच, कधी जास्त कळतं. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंगीची एनएस-1 आणि मलेरियाची स्लाइड यांना विडालच्या आधी पैसे द्यावेत.

एकाच नमुन्यातून अनेक रोगांचे जनुक शोधणारे पीसीआर पॅनलही आता मिळतात. डेंगी, लेप्टो, स्क्रब टायफससाठी ते उपयोगी पडतात. टायफॉइडसाठी नाही, कारण रक्तात जंतूच इतके कमी असतात. आणि ते कल्चरपेक्षा महाग पडतात. गंभीर रुग्ण आयसीयूत असेल तरच विचार करा.

सोय कुठे आहे, हाही प्रश्न असतो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेलं सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, कऱ्हाडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही वैद्यकीय महाविद्यालयं असल्यामुळे या पट्ट्यात सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग जवळ आहेत. खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर तीन गोष्टी विचारा: कल्चर इथेच होतं की बाहेर पाठवता, बाटली किती वेळात पोचते, आणि जंतू कुठल्या औषधाला दाद देतो याची यादी रिपोर्टमध्ये मिळते का. ज्या लॅबला पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही तिथे मी रक्त देणार नाही.

रिपोर्टवर पाच दिवसांनी "नो ग्रोथ" आलं तर टायफॉइड नाहीच असं समजू नका, आणि पैसे पाण्यात गेले असंही नाही. तोवर ताप उतरलेला असेल आणि दुसरं कारण सापडलं असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक थांबवू शकतात. टायफॉइड उगवला असेल तर कोर्स पुरा करायचा. योग्य औषध चालू असूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून घेऊ नका. जावंच लागलं, तर औषधांच्या यादीसकट तो रिपोर्ट सोबत न्या.