इन्सुलिन पंपाचे गजर : आठ महिन्यांनंतर

टाइप १ मधुमेहासाठी मी गेले आठ महिने नळीचा इन्सुलिन पंप आणि त्याला जोडलेला ग्लुकोज सेन्सर वापरत आहे. सुरुवातीला माझा सर्वांत जास्त भरवसा अडथळ्याच्या, म्हणजे नळी तुंबल्यास वाजणाऱ्या, गजरावर होता. आज तो सर्वांत कमी आहे.

दुसऱ्याच महिन्यात मी झोपण्यापूर्वी सेट (पंपाची नळी आणि तिच्या टोकाचा कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली बसणारी बारीक नळी) बदलला आणि पहाटे साखर ३१८ निघाली. पंपाच्या पडद्यावर मात्र सर्व सुरळीत दिसत होते. कॅन्युलाभोवतीची पट्टी बोटांना ओलसर लागली आणि तिला इन्सुलिनचा तो ओळखीचा, उग्र औषधी वास येत होता. म्हणजे रात्रभर इन्सुलिन त्वचेखाली न जाता बाहेर झिरपत राहिले होते. हा गजर नळीतील दाबावर चालतो, त्यामुळे गळती असेल तर दाब वाढत नाही आणि गजरही होत नाही. नळी खरोखरच तुंबली, तरी बेसल (दिवसभर थेंबाथेंबाने जाणारे इन्सुलिन) ताशी अर्धा युनिट असताना दाब चढायला काही तास लागू शकतात. मोठ्या बोलसच्या (जेवणासाठी किंवा वाढलेली साखर उतरवण्यासाठी एकदम दिलेल्या डोसच्या) वेळी अडथळा लवकर लक्षात येतो. पंपात केवळ जलद परिणाम करणारे इन्सुलिन असते, दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा आधार शरीरात नसतो, म्हणून हेच काही तास कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी घातक आम्ले) वाढायला पुरेसे ठरतात. तेव्हापासून साखर २५० च्या वर गेली आणि दुरुस्तीच्या बोलसनंतरही ती उतरेना, तर मी कीटोन तपासतो, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस इन्सुलिन पेनने (हाताने टोचायच्या इंजेक्शनने) घेतो आणि सेट बदलतो. रात्री सेट बदलणे पूर्ण बंद केले आहे.

साखर घसरण्याचा अंदाज घेऊन बेसल आपोआप थांबवण्याची सोय मात्र मला मनापासून आवडली. माझ्या पंपात हा अंदाज अर्ध्या तासापुढचा असतो. आधी घेतलेले इन्सुलिन यामुळे परत फिरत नाही, त्यामुळे जेवणाचा बोलस चुकून जास्त झाला तर साखर खावीच लागते. पण रात्री घाम फुटून जाग येण्याचे प्रसंग बरेच कमी झाले. एक खोड अशी की सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलो की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो आणि पंप विनाकारण थांबतो. बोटातून थेंब काढून पाहावे, तर साखर ११० असते!

कमाल बोलसची मर्यादा आणि बटणांचे कुलूप पहिल्याच दिवशी लावून घ्यावे. शरीरात अजून काम करत असलेले इन्सुलिन पंप स्वतः वजा करतो, त्यामुळे एकावर एक डोस चढत नाहीत. परंतु पेनने घेतलेला डोस त्याच्या हिशेबात नसतो. त्या पहाटे पेनने डोस घेतल्यानंतर पंपाने सुचवलेला दुरुस्तीचा बोलस मी डोळे झाकून दिला असता, तर दुपारी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असती.